काव्यपुरुषाच्या लग्नाचे गाव

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका कौलारू घराच्या ओसरीवर, वैशाखातले ऊन वाळ्याच्या ताट्यांनाही दाद देत नसे अशा दिवसांत, सेवानिवृत्त झालेले एक गुरुजी आम्हा आठ-दहा पोरांना दिवेलागणीच्या आधी गोळा करीत आणि शहाबादी फरशीवर खडूने गावांची नावे लिहून ती लघु-गुरूंत फोडावयास सांगत. गण शिकविताना ‘यमाचा’, ‘राधिका’, ‘भास्कर’ असे ठरीव शब्द पुढे करण्याचा शाळांतला प्रघात त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. परंतु राधिकेशी आमचा परिचय बेताचा आणि अकोल्याशी जन्माचा, एवढा साधा हिशेब त्यांनी केला असावा. ‘अकोला’ म्हणजे एक लघु आणि दोन गुरू, अर्थात य-गण, ‘वाशीम’, ‘शेगाव’, ‘पातूर’ हे तिघेही दोन गुरू आणि एक लघु, म्हणून त-गण, ‘अकोट’ ज-गण. ‘वऱ्हाड’पाशी मात्र वर्गातली हुशार पोरे हटकून फसत, कारण जोडाक्षरामागचे अक्षर गुरू होते हा नियम त्यांनी घोकलेला असे. मग गुरुजी म्हणत, “पोट्टेहो, पाटी बाजूले ठेवा अन् म्हणून पाहा. त्या ‘ऱ्ह’चा धक्का ‘व’ले बसते काय?” तो बसत नसे, म्हणून ‘वऱ्हाड’ही अकोटासारखाच ज-गण ठरे, आणि नियम कानासाठी असतो ही गोष्ट आमच्या मनात कायमची रुजे.

एके दिवशी त्यांनी आमच्या पेठेचेच नाव फरशीवर लिहिले. ‘जठारपेठ’: लघु, गुरू, लघु, गुरू, लघु; पाच अक्षरे, सात मात्रा. यावर एका पोराने हरकत घेतली की आपण बोलताना ‘र’ आणि ‘ठ’ पुरते उच्चारीतच नाही, तेव्हा अक्षरे तीनच भरतात. गुरुजी प्रसन्न झाले. “जिभेचं मोजाचं का लेखणीचं, हे आंधी ठरवा,” असे म्हणून, आणि या नावाला एखादे वृत्त चिकटते का ते बघा, असे बजावून ते संध्येला उठले. त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षे सापडले नाही, आणि जेव्हा सापडले तेव्हा ते भलत्याच ठिकाणी सापडले. पण ते शेवटी सांगण्यासारखे आहे.

काव्याच्या अभ्यासात पडणाऱ्या नवख्या माणसाची स्थिती नव्याने लग्न होऊन मोठ्या गोतावळ्यात आलेल्या सुनेसारखी असते. लघु, गुरू, गण, मात्रा, यती, चरण, रीती, गुण, अलंकार, रस अशी नावांची रांग तिच्यापुढे उभी राहते. कोण थोरले, कोण धाकटे, कोणाच्या पाया पडावयाचे, हे काही केल्या ध्यानात राहत नाही. आणि एकत्र राहून, एकत्र जेवून, प्रसंगी रुसवेफुगवे होऊन त्या नावांमागची माणसे जेव्हा तिला कळू लागतात, तेव्हाच ती नावे पाठ करण्याची गरज संपते. हा दृष्टान्त मी सहज योजला नाही. काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न होऊनच हा सारा गोतावळा जमला अशी कथा एका प्राचीन ग्रंथकाराने सांगितली आहे, आणि त्या लग्नाचे स्थळ म्हणून त्याने आमच्या वऱ्हाडातले वाशीम सांगितले आहे.

हा ग्रंथकार राजशेखर. नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी कनौजच्या प्रतिहारांच्या आणि त्रिपुरीच्या कलचुरींच्या आश्रयाने वावरलेला हा पंडित यायावर कुळातला. अकालजलद या आपल्या पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून तो अभिमानाने गौरवितो. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीला हिमालयावर तप केल्यानंतर पुत्र होतो, तो काव्यपुरुष. जन्मतःच छंदोबद्ध बोलणाऱ्या या बालकाकडे पाहून माता त्याचे जे वर्णन करते, ते म्हणजे परिभाषेचा जणू पहिला तक्ताच होय: शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, पैशाची हे पाय, रस हा आत्मा, छंद ही अंगावरची लव, आणि अनुप्रास, उपमा हे अंगावरचे दागिने. पुढे ब्रह्मदेवाच्या सभेतील वाद मिटविण्यास माता निघून जाते, सोबत येऊ न दिल्यामुळे मुलगा रागावून घर सोडतो, आणि त्याला प्रेमाच्या पाशात बांधून आणण्यासाठी गौरी एक वधू निर्माण करते. तिचे नाव साहित्यविद्यावधू. रुसलेला वर पुढे आणि त्याला वश करू पाहणारी वधू मागे, असा हा प्रवास पूर्वेकडून सुरू होतो.

आता यातील खुबी पाहावी. पूर्व देशात वधू जो वेष करते ती तेथील प्रवृत्ती, ज्या हावभावांनी नाचते-गाते ती तेथील वृत्ती, आणि तिच्याकडे पाहून वर जे बोलतो ती तेथील रीती, अशी तीन शास्त्रीय पदे राजशेखराने वेष, विलास आणि वचन या तीन डोळ्यांसमोरच्या गोष्टींत बसविली आहेत. पूर्वेस वराचे मन मुळीच द्रवलेले नव्हते. म्हणून त्याचे बोलणे लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी जड झालेले होते, आणि तीच गौडी रीती. पांचाल देशात त्याचे मन थोडे वळले. समास आखूड झाले, अनुप्रास मोजके राहिले, ती पांचाली. अवंतीवरून दक्षिणेस येईपर्यंत तो पुरता तिच्या स्वाधीन झाला, आणि त्याचे बोलणे असमस्त, सुटसुटीत आणि कोमल झाले, ती वैदर्भी. ज्याला आपल्या मनातले सांगावयाचे असते तो समास करीत बसत नाही, हे शहाणपण व्याकरणाच्या एकाही पारिभाषिक शब्दाविना येथे सांगितले गेले आहे. आणि मग विदर्भात, कामदेवाचे क्रीडास्थान म्हणून राजशेखराने ज्याची थोरवी गायिली आहे त्या वत्सगुल्म नगरात, त्या दोघांनी गांधर्व पद्धतीने विवाह केला. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. १९९८ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते आमच्या अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. गांधर्व विवाह असल्यामुळे वऱ्हाडी मंडळींना जेवणाचे आमंत्रण नव्हते, एवढीच काय ती आमची तक्रार.

हा मान वाशीमला कवीच्या लहरीने मिळालेला नव्हता. चौथ्या शतकात वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती आणि तिचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य आज समग्र उपलब्ध नाही, तथापि आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताने ‘ध्वन्यालोका’त त्याचा आवर्जून निर्देश केला आहे. दुसऱ्या शाखेतील प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. १९३९ साली वाशीमला जो वाकाटक ताम्रपट सापडला, त्याचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. म्हणजे दानपत्राची भाषासुद्धा त्या काळी येथे दोन अंगांनी चालत होती. कर्पूरमंजरीचे सट्टक लिहिताना तर राजशेखराने वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ असेच म्हटले आहे. वच्छोम हे वत्सगुल्माचे प्राकृत रूप. अवघ्या भारतखंडात नावाजलेल्या एका काव्यरीतीचे नाव मोर्णा नदीपासून फार दूर नसलेल्या एका गावावरून पडले, ही गोष्ट अकोल्याच्या शाळांतून शिकविली जात असे की नाही हे मी सांगू शकत नाही. मला तरी ती शाळेत कोणी सांगितली नाही.

गावाच्या नावाचा अभिमान धरणाऱ्यांना शास्त्रकारांनी वेळीच टोकलेही आहे. सातव्या शतकातील दंडीने वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगून श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य इत्यादी दहा गुणांना वैदर्भ मार्गाचे प्राण मानले. वामनाने रीतीला काव्याच्या आत्म्याचे पद दिले. पण त्यानेच लगोलग खुलासा केला की, ही नावे त्या त्या देशांतल्या कवींत त्या रीती दिसून आल्या म्हणून पडली, देशाच्या मातीने काव्याला काही उपकार होतो म्हणून नव्हे. आणि कुंतकाने तर याहून पुढे जाऊन असा टोला हाणला की, काव्यरीती म्हणजे काही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल नव्हे, की ती अमुक देशात रूढ म्हणून तिथल्या साऱ्यांनी पाळावी! त्याने देशवाचक नावे टाकून सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे मार्ग कवीच्या स्वभावावरून ठरविले. मामेबहिणीच्या लग्नाचा दाखला काश्मिरातल्या पंडिताने द्यावा आणि तो आम्हा दक्षिणेकडच्यांना नेमका लागावा, यात त्याचा विनोद आहे आणि आमची ओळखही आहे. पुढील आलंकारिकांनी दहा गुणांचे माधुर्य, ओज आणि प्रसाद असे तीनच गुण केले. रीतीचे महत्त्व उतरले, रस आणि ध्वनी यांचे चढले. पदे तीच राहून त्यांची जागा बदलते, एका पिढीतला आत्मा पुढच्या पिढीत अवयव होतो, हे ज्याने पाहिले त्याला परिभाषा दगडावरची रेघ वाटत नाही.

दुसरे लग्न रिद्धपूरचे. अमरावती जिल्ह्यातल्या या महानुभावांच्या क्षेत्रात तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या मनात विवाहाचा खेळ मांडावा असे आले, आणि त्या उत्सवात महदंबेने धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नात म्हणावयाची गीते. रुक्मिणीच्या स्वयंवराची कथा त्यांत गुंफलेली आहे आणि मराठीतील आद्य कवयित्री हा मान त्यांच्यामुळेच महदंबेकडे जातो. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ‘धवळा’ हे काव्यप्रकाराचे नाव कोणा शास्त्रकाराने बसून ठरविलेले नाही; ते मांडवातून आले. तद्वत् ‘ओवी’ कांडण-दळणातून आली. चालुक्यराजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे, ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात ओवी शिरण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे ती मुसळाच्या ठेक्यावर चालत होती. रिद्धपुरासच अलीकडे मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथल्या विद्यार्थ्यांनी धवळ्यांपासून पहिला धडा घ्यावा, इतके ते स्थळ उचित आहे.

ओवीची व्याख्या पुस्तकात वाचली तर ती कोरडी वाटते: साडेतीन चरण, पहिल्या तिहींच्या शेवटी यमक, चौथा चरण आखूड. हीच व्याख्या मी आमच्या पेठेत प्रत्यक्ष पाहिली आहे. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय ओवीबद्ध आहेत, आणि माघातल्या प्रकटदिनाच्या आधी जठारपेठेत घरोघर त्याची पारायणे बसतात. एका घरी सकाळी सात-आठ बायका पाटावर पोथ्या घेऊन बसलेल्या. एक वाचते, बाकीच्या बोटाने ओळ धरून मागोमाग. पहिल्या तीन चरणांशी आवाज पायरी-पायरीने चढतो, यमकाशी किंचित टेकतो, आणि चौथ्या अर्ध्या चरणाशी सगळ्याजणी एकदम थांबतात. त्या थांब्यात श्वास घेतला जातो, पदर सावरला जातो, कोणी उदबत्तीची राख झटकते, आणि पुढली ओवी उचलली जाते. चौथा चरण आखूड का, याचे उत्तर मला त्या दिवशी कळले: दम घ्यावयास जागा हवी म्हणून. संस्कृत वृत्तांत ज्याला यती म्हणतात, मंदाक्रान्तेच्या सतरा अक्षरांत चौथ्यावर आणि मग सहा अक्षरांनंतर जी विश्रांती सांगितली आहे, तीच ही. रामगिरीवरच्या, म्हणजे परंपरेने आमच्या विदर्भातल्याच रामटेकावरच्या यक्षाचे संथ बोलणे कालिदासाने त्या वृत्तात बसविले, आणि त्याच श्वासाला दासगणूंच्या वाचकांनी आपल्या परीने जागा दिली. तुकडोजी महाराजांनी गावाच्या बांधणीविषयी जे सांगावयाचे ते ‘ग्रामगीते’च्या एकेचाळीस अध्यायांत ओवीतूनच सांगितले, याचे कारणही ऐकणाऱ्याचा श्वास त्यांना ठाऊक होता हेच असावे. अभंगाची गोष्ट निराळी नाही: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणास यमक, ते शेवटचे चारच म्हणजे टाळकऱ्यांचा थांबा.

तिसरा गोतावळा या घरात कचेरीच्या दाराने आला. एलिचपूर येथे १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाहीची राजधानी होती. पुढे मोगल, निजाम, आणि १८५३ च्या तहाने कंपनी सरकार असे अंमल बदलत गेले, पण दफ्तर, दाखला, फैसला, जमाबंदी हे शब्द वऱ्हाडी माणसाच्या जिभेवर जे बसले ते बसलेच. म्हणून १९३२ साली अमरावतीस जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजविताना ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, आणि शेर, मिसरा, मतला, मक्ता, काफिया, रदीफ, अलामत, जमीन ही पदे मराठी मुलांपुढे ठेवली, तेव्हा वऱ्हाडात तरी त्यांतली काही चेहऱ्याने ओळखीची होती. गझलेची जमीन म्हणजे तिचे वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून ठरणारा पाया. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण जमीन कोणती हे ठरल्याशिवाय तो पेरीत नाही. मक्ता म्हणजे गझलेचा अखेरचा शेर. आणि जकातीचा मक्ता घेणाऱ्या मक्तेदाराचा मक्ताही ‘कापणे’ या अर्थाच्या त्याच अरबी धातूतून आलेला. बैत म्हणजे मुळात घर, मिसरा म्हणजे दाराची एक फळी. दोन फळ्या मिटल्या की दार, दोन मिसरे जुळले की शेर. काफिया म्हणजे पाठोपाठ येणारा, आणि रदीफ म्हणजे त्याच घोड्यावर स्वाराच्या मागे बसलेला; म्हणूनच काफिया प्रत्येक शेरात नवा येतो आणि रदीफ न बदलता त्याच्या पाठीशी बसून राहतो. एवढे एक चित्र डोळ्यांपुढे आले की व्याख्या विसरता येत नाही.

या तिन्ही गोतावळ्यांना एका पंगतीत बसविण्याचे काम माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन यांनी केले. परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीत’ (१८५४) आणि ‘वृत्तदर्पण’ या पुस्तकांनी मराठी शाळांत वृत्तांची गोडी लावली होती. माधवरावांनी १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला, १९२७ साली ‘छंदोरचना’ प्रसिद्ध केली आणि दहा वर्षांनी तिची विस्तृत आवृत्ती काढली. केवळ अक्षरसंख्येवर चालतो तो छंद, मात्रांच्या आवर्तनावर चालते ती जाती, आणि लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमावर चालते ते वृत्त, अशी त्यांनी मांडलेली वाटणी आजही मराठीतल्या अभ्यासकाचा हात धरून चालते. ओवी-अभंग पहिल्या घरात, मंदाक्रान्तादी संस्कृत वृत्ते तिसऱ्यात. आणि फारसी बहरांनाही त्यांनी याच मापाने मोजून घरात घेतले. हा हिशेब वाचताना एखाद्या जुन्या जमाबंदी कामगाराने सबंध परगण्याची मोजणी करून प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर द्यावा, तसा भास होतो.

आणि मोजणी पुरी झाली न झाली तोच वऱ्हाडातल्याच एका कवीने कुंपण ओलांडले. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांचा जन्म १९०१ सालचा, अकोल्याच्या पूर्वेला असलेल्या मूर्तिजापूरचा. लघु-गुरूंचा क्रम सोडून, चरणांची लांबी अर्थाच्या ओघावर ठेवून, तरी लय न सोडता त्यांनी दीर्घकाव्ये लिहिली. ‘भग्नमूर्ति’ १९४० सालची. त्या रचनेला मुक्तछंद म्हणावे की नाही, मुक्त असेल तर छंद कसा आणि छंद असेल तर मुक्त कसा, असे वाद पुष्कळ झाले. गंमत अशी की, याच अनिलांनी उत्तरायुष्यात दहा ओळींचे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि ‘दशपदी’ हा नवा आकार आणि नवा शब्द मराठीला दिला. १९७६ च्या त्या संग्रहाला पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घर सोडून निघालेला काव्यपुरुष शेवटी वऱ्हाडात येऊन बंधनात पडला, ती कथा मूर्तिजापूरच्या या कवीने पुन्हा एकवार जगून दाखविली असे म्हणावयास हरकत नाही.

या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट सारखी दिसत आली. चरण हा पाय, अलंकार हा दागिना, यती हा विसावा, धवळा मांडवातला, ओवी मुसळाजवळची, मिसरा दाराची फळी, रदीफ घोड्यावरचा सोबती: काव्याच्या परिभाषेतला एकही शब्द शास्त्रकाराने हवेतून आणलेला नाही, प्रत्येक शब्द कोणाच्या तरी अंगणातून उचललेला आहे, आणि आपण तो शाळेच्या पाटीवर लिहिताना अंगण पुसून टाकतो. परीक्षेत ‘वृत्त ओळखा’ या प्रश्नाला दोन गुण असत. ते मिळविण्यापुरती गणांची रास पाठ होई आणि सुटीत विसरली जाई. ज्यांच्या ओसरीवर ती विसरली गेली नाही, अशा गुरुजींची ओसरीही आता राहिली नाही. त्या जागी तीन मजली इमारत आहे.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते अकोला स्थानकाबाहेर. रात्रीची गाडी उशिरा आली होती, टांग्यांची जागा घेतलेले ऑटोवाले फाटकाशी ओळीने उभे राहून आपापल्या पेठांच्या हाळ्या देत होते, आणि त्यांतला एक तरुण, गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून, प्रत्येक अक्षराला नेमका न्याय देत ओरडत होता: “चला जठारपेठला!” बोलताना जे ‘र’ आणि ‘ठ’ आम्ही गिळून टाकतो, ते हाळी देताना त्याच्या गळ्यातून स्वच्छ बाहेर पडत होते. माझी बोटे आपोआप हलू लागली. लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू, ज-गण, र-गण, मग एक लघु, एक गुरू, आठ अक्षरे. हा प्रमाणिका वृत्ताचा निर्दोष चरण होता, आणि तो दोनदा म्हटला की पंचचामराचा. तो पोरगा तर तो तिसऱ्यांदा म्हणत होता.

जिभेचे मोजावयाचे की लेखणीचे, याचा निवाडा त्या हाळीने माझ्यापुरता केला. मी त्याच्याच ऑटोत बसलो, भाड्याची घासाघीस केली नाही, आणि पेठेच्या चौकापर्यंत बोटे मोजीत गेलो.